शुद्धीवर येण्याआधीचा अर्धा तास

मी भूलतज्ज्ञ आहे. पनवेलच्या एका मध्यम हॉस्पिटलात लहान मुलांना झोपवणं आणि पुन्हा उठवणं हे माझं काम. झोपवण्यात फारसं काही घडत नाही, किस्से सगळे उठवण्यात. ते गोळा करावे लागत नाहीत, पंख्यावर धूळ साठते तसे आपोआप साठतात. कुणी चहाला बसवलं की मी सुरू होते. नवरा पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतो, "हिला दुसरा कप विचारू नका."

ऐकणाऱ्याला आधी एवढं सांगावं लागतं. दोन ते सहा वर्षांची काही मुलं भुलीतून अर्धवटच उठतात. डोळे टक्क उघडे, पण आत कुणी जागं नाही. ओरडतात, लाथा झाडतात, सलाइन उपटायला बघतात, सख्ख्या आईला ढकलून देतात. आम्ही ऑक्सिजन बघतो, दुखतंय का ते बघतो, लागलं तर थोडं औषध देतो आणि पोर पडू नये म्हणून धरून बसतो. बहुतेकदा अर्ध्या तासात सगळं निवळतं आणि पोराला काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतं ते आईबापांना. त्यांना त्या वेळी एकच विचारायचं असतं: आत नेलेलं आमचं पोर तेच परत आलंय ना?

आमच्या रिकव्हरी रूममध्ये रजनी सिस्टरचा कायदा चालतो. दिवे मंद, आवाज बंद, आणि पोराने डोळे उघडायच्या आधी घरचं एक माणूस खाटेशी हजर. पुढचं सगळं या एका कायद्यामुळे घडलंय.

*

कामोठ्यातल्या एका रिक्षावाल्याचा मुलगा, चार वर्षांचा, हर्नियाचं ऑपरेशन. खाटेशी आई, दारात बाप. पोराने डोळे उघडले आणि समोर उभ्या आमच्या सर्जनवर खेकसला, "ए, बाजूला घे ना! रस्ता काय बापाचा हाय?" त्यापुढे जे बोलला ते मी चारचौघांत सांगू शकत नाही. आमचे सर्जन मोठमोठ्यांचं ऐकत नाहीत, पण तेव्हा मुकाट्याने बाजूला झाले.

आईने मान वळवून दाराकडे पाहिलं. बाप म्हणाला, "मोबाइलवर बघून शिकतात हल्ली."

"त्याला मोबाइल देतो कुठे आपण?" आई म्हणाली.

*

सिस्टर पालकांना आदल्या दिवशी फोन करून सांगतात, मुलाची आवडती वस्तू बरोबर आणा. कुणी बाहुली आणतं, कुणी मळकी गोधडी. उरणच्या बाजूच्या गावातला एक बाप कोंबडी घेऊन आला. पिशवीतून डोकं बाहेर काढून ती लिफ्टमध्ये सगळ्यांकडे बघत होती.

"अहो, वस्तू आणायला सांगितली होती," मी म्हणाले.

"त्याला हीच आवडते. रोज हिच्याजवळ जाऊन बसतो. तुमीच बोल्लात ना, आवडीचं आना."

कोंबडीला आत घेणं शक्यच नव्हतं. शेवटी बरोबर आलेले पोराचे काका तिला घेऊन पार्किंगमध्ये उभे राहिले आणि व्हिडिओ कॉल लावला. पोर शुद्धीवर येताना नेहमीसारखं थैमान सुरू झालं. बापाच्या तोंडावर चापट बसली. त्याने घाईघाईने मोबाइल पुढे धरला. पोराने कोंबडीकडे बघितलं आणि आणखी जोरात भोकाड पसरलं.

बापाचा चेहरा एकदम सैल झाला. मला म्हणाला, "कोंबडीला पन ओळखत नाय. म्हंजे माज्यावर राग नाय त्याचा."

एरवी मी पालकांना समजावताना घसा कोरडा करते. त्या दिवशी मला एक शब्द बोलावा लागला नाही.

*

ओवे गावची एक आजी नातवाचा आरडाओरडा ऐकून दृष्ट काढायलाच निघाली. कनवटीला मीठ-मिरच्या तयार. सिस्टरने हात जोडून सांगितलं, "आजी, इथे ऑक्सिजन आहे, जाळायचं काही नाही." बरीच घासाघीस झाली आणि ठरलं की मिरच्या इथे फक्त ओवाळायच्या, जाळायच्या घरी. आजीने ओवाळलं. पोराचा अर्धा तास संपतच आला होता, ते शांत झालं.

मग आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "तुजीच लागली व्हती गं बाय. टोपी नि फडक्यातून नुसतं डोलं दिसतान तुजं."

तेव्हापासून मी काजळ लावणं बंद केलंय.

*

एका नातीजवळ तिचे दादाजी बसले होते, पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातले, पांढरी दाढी, स्वच्छ कुर्ता. पोरीने त्यांची दाढी दोन्ही मुठींत धरून ओढली. मी सोडवायला गेले तर मलाच थांबवलं. "राहू द्या, डॉक्टरसाहेब. ती मला ओळखत नाही, ठीक आहे. मी तिला ओळखतो ना."

रजनी सिस्टरने त्यांना नंतर चहा पाजला. रिकव्हरीत चहा कुणालाच मिळत नाही, मलाही नाही.

पेढे नेहमी सर्जनकडे जातात. माझं काम कुणाला आठवत नाही, आणि आठवू नये हेच माझं काम. तक्रार नाही. नुकतीच लाथ खाल्लेली आई त्याच पायात मोजा चढवताना मला बघायला मिळते. अशी माणसं बघायला मिळतात आणि वर पगारही मिळतो, याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

*

विचुंब्याच्या एका नव्या बिल्डिंगमधली स्वरा पाच वर्षांची, टॉन्सिलसाठी आली होती. तिची आई वारली होती आणि बापाने नुकतंच दुसरं लग्न केलं होतं. नवी आई सुनीता पोरीचं सगळं करायची. पोर तिला मावशी म्हणायची.

खाटेशी कोण बसणार, असं मी विचारलं. बाप म्हणाला, "हीच बसेल. मला रक्त बघितलं की चक्कर येते."

सुनीताने मला बाजूला घेतलं. "मॅडम, ती शुद्धीत नसताना तिच्या आईला हाक मारेल आणि समोर मी असेन. आत्ता कुठे जमायला लागलंय आमचं. मी तिला नकोशी झाले तर?"

"त्या वेळी मुलांना कुणीच नको असतं. आणि नंतर तिला काही आठवणार नाही."

"मला आठवेल," ती म्हणाली.

आणि झालंही तसंच. "आई पाहिजे, तू नको, तू जा," पोर बसक्या घशाने ओरडत होती. सुनीताचे हात क्षणभर सुटले. मग तिने पोरीला पुन्हा कुशीत घेतलं, आणि पोर तिच्या मनगटाच्या वर कडकडून चावली. तिने हात मागे घेतला नाही. मी थोडं औषध दिलं तेव्हा पोर झोपली. हातावर दात स्पष्ट उमटले होते.

"मलमपट्टी करून देते," सिस्टर म्हणाली.

"नको. पट्टी दिसली की ती विचारेल." तिने हातावर ओढणी ओढून घेतली.

संध्याकाळी मी रजनी सिस्टरबरोबर राउंडला गेले तेव्हा सुनीता तिला चमच्याने आइस्क्रीम भरवत होती. भरवता भरवता ओढणी सरकली. पोरीने हात धरून नीट निरखून बघितला.

"कोण चावलं?"

"डास."

"एवढा मोठा?"

सुनीताने पुढचा चमचा भरला. पोरीने दोन फुंकरा मारल्या, पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. तिने मान वर करून वॉर्डभर नजर फिरवली आणि त्याच बसक्या घशाने रजनी सिस्टरला हाक मारली.

"सिस्टर, इकडे या. माझ्या आईला काहीतरी चावलंय. आधी तिला इंजेक्शन द्या."