बागेतल्या वाघाचं कपाळ

काशिनाथमामा गेल्याचा फोन भाद्रपदात आला. जामसरहून त्यांची मुलगी बोलत होती. "बाय, बाबा गेला..." एवढंच. मी काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला. मामांशी माझं शेवटचं बोलणं वाघावरून झालं होतं, आणि त्यात मी खोटं बोलले होते.

जव्हारच्या संस्थानकाळातल्या बागेत मामा माळी होते. मी नगरपरिषदेच्या ऑफिसात बागेचं टेबल सांभाळणारी कारकून. बागेत कोरडं कारंजं, दगडी बाकं, कुरकुरणारे झोपाळे आणि चौथऱ्यावर सिमेंटचा वाघ. तो मुळात पोरांना वर बसवून फोटो काढायला. पण बाजाराला येणाऱ्या पाड्यांवरच्या बायकांनी त्याला कधीतरी वाघोबा मानलं आणि कपाळाला शेंदूर लावला. साहेब चिडले, मीही नाक मुरडलं. मामा मात्र दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर, वाघोबाच्या पूजेच्या वाघबारशीआधी वाघ रंगवायचे तेव्हा कपाळ तेवढं कोरं ठेवायचे. "ते आपलं नाय, बाय. त्यांचं हाय," म्हणायचे. सकाळी बायका नारळ फोडायच्या, दुपारी पोरं त्याच देवाच्या पाठीवर बसून टाचा मारायची. देव रागवत नाही का, मी एकदा विचारलं. "रागवला असता त पोरां पळाली असती. पळतात का?" मामा हसले आणि पाण्याचा पाइप ओढत निघून गेले.

निवृत्तीनंतरही ते रंगवायला यायचे. मग बाग नवी करायचं ठरलं. निकामी सामानाची यादी माझ्याकडे होती. तीत झोपाळ्यांच्या नोंदीखाली मी लिहिलं : वाघ, सिमेंटचा, एक. तो भडक शेंदूर मला कधी आवडलाच नव्हता, हे आज कबूल करते. मामा टेबलापाशी आले. "बारशीला त्या येतील. त्यांना काय सांगू?" मान वर न करता मी म्हणाले, "सही झाली, मामा. आता काही होत नाही." सही व्हायला अजून दोन दिवस होते...

परवा वाघबारस झाली. मी मुद्दाम बागेत गेले. मोखाड्याच्या बाजूच्या चार बायका रिकाम्या चौथऱ्यापाशी उभ्या होत्या.

"वाघ कठं गेला?" थोरलीनं विचारलं.

"मी काढायला लावला."

ती रागावली नाही. "काशीबाबा आणल परत," म्हणाली.

बाबा गेले, हेही मलाच सांगावं लागलं. चौथऱ्यावर चिमूटभर तांदूळ ठेवून तिनं नारळ पिशवीत घातला आणि त्या निघाल्या.

मला तिथं उभं राहवेना. बागेमागच्या, निकामी सामान ठेवलेल्या गोदामात जाऊन मी ताडपत्री ओढली. मोडक्या झोपाळ्यांमध्ये वाघ आडवा पडला होता, पण अंगावरचे पट्टे ताजे होते. रखवालदार मागून म्हणाला, "श्रावणात आलते मामा. दम लागायचा, बसून बसून रंगवला. बारशीपर्यंत मी काय राहत नाय, म्हणाले."

कपाळ कोरं होतं.

मी फाटकाकडे धावले, त्या बायकांना हाका मारत. नारळ अजून त्यांच्या पिशवीतच होता.