थर्माकोल धरणारे आबा

व्हिडिओ कॅमेरा उसना मिळाला होता, पण शूटिंगचे लाइट परवडणारे नव्हते. मग मांडववाल्याकडून एक हॅलोजन आणला, उजेड मऊ पडावा म्हणून त्याच्यापुढे हातभर अंतरावर बटर पेपर टांगला, आणि दुसऱ्या बाजूने उजेड परतवायला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घेतला. एवढ्या सामानावर पिंपळनेरजवळच्या एका म्हाताऱ्या सुईणीची मुलाखत घ्यायला गेलो.

थर्माकोल धरायला माणूस नव्हता. तिचे यजमान पुढे झाले. टोपी सारखी केली आणि पूजेचं ताट धरावं तसा तो दोन्ही हातांनी धरला. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सगळे आबा म्हणत होते. मुलाखतभर ते बायकोच्या तोंडाकडेच बघत होते. तिच्या गालावर सावली आली की थर्माकोल जरासा वळवायचे.

मध्येच मला अहिराणीत म्हणाले, "इतला उजेडमा तिले मी आजच देखी, भाऊ. तिना बठ्ठा जलम चूलना धूरमा गया."

ती कॅमेऱ्यावरची नजर न काढता म्हणाली, "आते देखाले काय ऱ्हायनं?"

थोड्या वेळात वीज गेली. आम्ही वायरी गुंडाळल्या, हॅलोजन निवला. आबा मात्र त्या अंधारात थर्माकोल तिच्याकडे वळवून तसेच उभे होते.