तीन बुरुजांचा पूल

अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या दुसऱ्या हिवाळ्यात मी सतत दमलेली असे. दिवसभर लायब्ररीत फ्रान्समधल्या एका मध्ययुगीन दगडी पुलाचा इतिहास वाचायचा, संध्याकाळी बर्फ तुडवत बसस्टॉप गाठायचा. आले होते आर्किटेक्चर शिकायला. वर्षभरात इतिहासाकडे वळले. बाबांना ते पटलं नव्हतं. इथे त्यांचे कॉलेजातले मित्र होते, आमचे काका. बाबांनी त्यांना सांगितलं, "ती नेमकं काय करते ते बघून कळव. धड काही नसेल तर परत बोलावतो."

म्हणून त्या शनिवारी काकांनी जेवायला बोलावताना पुलाच्या स्लाइड्सही आणायला सांगितल्या.

जेवणानंतर पुरुष बेसमेंटमध्ये आणि बायका किचनमध्ये, असा त्या घरातला शिरस्ता. मी सवयीने सिंकपाशी गेले, तर काकूंनी हातातलं ताट काढून घेतलं. "आज तू खाली."

खाली काकांचे तीन इंजिनियर मित्र सोफ्यावर बसले होते. भिंतीवर पूल उमटला: नदीत कमानी, वर तीन उंच बुरूज, बुरुजांखाली भक्कम दारं.

"यार, खांब बघ! पुढून टोकदार. पाणी कापायला."

"पण पाया कसा घातला असेल?"

"तुझ्या बॉसला विचार, तोही त्याच काळातला आहे."

सगळे हसले. मी बटण दाबत राहिले. मला कोणी काही विचारत नव्हतं, आणि खरं तर ते बरंच वाटत होतं.

तेवढ्यात काकू हात पुसत जिन्यात आल्या. "एवढे बुरूज, एवढी दारं. मग शत्रू आला का गं?"

"नाही. कधीच नाही."

"अगंबाई! मग रोज ती दारं लावायचं कोण?"

मी तेच तर शोधत होते. बुरुजात राहणाऱ्या पहारेकऱ्यांबद्दल मी सांगितलं. अंधार पडला की ते दारं लावत. बाजारातून उशिरा परतणारे गावकरी गुरांसकट बाहेरच झोपत. काकू पायरीवर बसून ऐकत होत्या. "म्हणजे अडकली ती घरचीच माणसं," त्या म्हणाल्या.

रात्री मी तिथेच राहिले. सकाळी काकांनी भारतात फोन लावला. "अरे, काळजी सोड. पुलांचं काम आहे. सिव्हिलच म्हण ना!" माझ्याकडे बघून डोळे मिचकावत त्यांनी रिसीव्हर दिला.

"सिव्हिल आहे, तर आधी का नाही सांगितलंस?" बाबांचा आवाज एकदम मोकळा झाला होता.

काका खुणेने 'हो म्हण' सांगत होते. एका 'हो'वर सगळं मिटलं असतं, आणि मी इतकी थकले होते की तो ओठांवर आलाच होता. गॅसपाशी चहा ढवळणाऱ्या काकूंचा हात थांबला.

"नाही बाबा. इतिहासच आहे. ती दारं कोण लावायचं, ते लिहितेय."

काकांनी कपाळाला हात लावला. फोनमध्ये माझंच वाक्य घुमून परत आलं. मग बाबांनी विचारलं,

"लिहून कधी होईल?"

"उन्हाळ्यापर्यंत."

"बरं. तोपर्यंत राहा." त्यांचाही आवाज दमलेला होता. "दे, त्याला फोन दे."