लेडीज रूमचं दार

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला नाही, देवापुढे बसूनही कधी तोंडानं उच्चारलं नाही. नात विचारते, आजी, तुमच्या वेळी कॉलेज कसं होतं गं? मी म्हणते, पोरं वात्रट होती, पण आम्ही मुली एकमेकींना धरून होतो. — धरून होतो! हे बोलताना माझी जीभ जराही अडखळत नाही. तुम्हाला मात्र आज खरं सांगते.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. बुलढाणा जिल्ह्यातलंच एक कॉलेज — नाव नको. मी धाड गावाकडच्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगी, मामाकडे राहून शिकायचे. वर्गात मुली दोघीच. मी विमल, आणि कौसल्या. तिचा बाप रेल्वेत गँगमन. घर नुकतंच बौद्ध झालेलं. तास सुरू होईपर्यंत आम्ही लेडीज रूममध्ये थांबायचं, सर निघाले की त्यांच्या मागोमाग वर्गात, तास सुटला की त्यांच्याच मागून परत. पहिला बाक आमचा, पाठीमागे सगळी पोरं. बाक एकच — पण त्या बाकावरून मला जे कॉलेज दिसायचं तेच तिला दिसत होतं का? मला नुसत्या शिट्ट्या यायच्या. तिला शिट्ट्याही यायच्या आणि जातीवरून शिव्याही. लेडीज रूममधल्या माठाला तिनं कधी हात लावला नाही. का लावत नाहीस, असं मी विचारलं नाही. विचारायचं काय होतं? मला ठाऊकच होतं.

दिनकर म्हणून एक होता, माझ्या आत्याच्या दिराचा मुलगा. तो मागून कंपासचं टोक माझ्या पाठीत खुपसायचा. पोलक्यावर रक्ताचे ठिपके उमटायचे. घरी कळलं असतं तर शिक्षण बंद — म्हणून मी दात आवळून बसायचे. एक दिवस टोक खोल गेलं आणि मी किंचाळले. सरांनी फळ्यावरून मान वळवायच्या आत कौसल्या उठली, मागे वळली आणि दिनकरच्या थोबाडीत दिली. अशी दिली की त्याचा ओठ फाटला.

माझ्यासाठी दिली तिनं. मला काय वाटलं तेव्हा? — थांबा, त्यावर येतेच.

सरांनी सगळ्यांना खाली बसवून तास कसाबसा पुरा केला. मी त्यांच्या मागून लेडीज रूममध्ये आले, ती पुस्तकं गोळा करत मागे राहिली. तेवढ्यात व्हरांड्यात गलका झाला. दिनकर आणि त्याच्या टोळक्यानं तिला घेरलं होतं. एकानं सायकलची चेन मुठीला गुंडाळली होती. ती पाठीवर बसली की ओला कपडा दगडावर आपटावा तसा आवाज येत होता. दिनकरनं वेणीला धरून तिला खांबावर आदळलं. कपाळ फुटलं. ती कुणाच्या तरी मनगटाला कडकडून चावली, सुटली आणि माझ्याकडे धावत आली. कपाळाचं रक्त डोळ्यांत ओघळत होतं.

"विमल! दार लावू नको! मारून राह्यले मले!"

दार उघडंच होतं. मी ते लावायला धावले.

तिचा हात आत आला होता — चौकटीला घट्ट धरलेली बोटं. मला ती दिसली. न दिसल्यासारखं झालं असं म्हणू? नाही, स्वच्छ दिसली. मी दाराला खांदा दिला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून रेटलं. पऱ्हाटीची वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. ती ओरडली. बोटं ओढून घेतली. मी कडी घातली. बाहेर चेन पुन्हा सुरू झाली, आणि तिचं डोकं फळीवर आपटलं की धक्का माझ्या खांद्यात यायचा. शिपाई आरडत येईपर्यंत मी दाराला टेकून तशीच उभी होते.

भ्याले होते, असं मी स्वतःला सांगत आले. पण कशाला भिणार होते मी? ती पोरं मला हात लावणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. भीती नव्हती — राग होता. दिनकरच्या ओठावर रक्त दिसलं तेव्हाच तो डोक्यात चढला. पाठ माझी सोललेली, आणि मनात काय आलं? हिनं आमच्या पोरावर हात टाकला? हिनं? दार रेटताना मी तेच म्हणत होते. खाऊ दे मार.

प्राचार्यांनी बोलावून विचारलं, दिनकरनं तुझी छेड काढली होती का? मी म्हटलं, नाही सर, तिनं उगाच मारलं. पाठीवरचे व्रण पदराखाली होते. दिनकरला ताकीद मिळाली. कौसल्याला काढून टाकलं.

तिचा दाखला न्यायला तिचा बाप आला. कामावरूनच आला असावा, अंगावर खडीची धूळ होती. मला पाहून त्यानं हात जोडले.

"विमलबाई तुमीच ना? पोरगी घरी सारखं तुमचंच नाव घेते."

हात कसा आहे, एवढं विचारणं भागच होतं.

"दोन बोटं वाकडीच राह्यतीन म्हणते डॉक्टर. दारात चेंगरली. कोनं लावलं दार, ते काई सांगत नाही." त्यानं दाखल्याची घडी खिशात घातली. "तुमी होत्या का तिथं?"

"नाही. मी घरी गेले होते."

त्यानं मान हलवली. निघाला, आणि पायरीवरून वळून म्हणाला, "तुमी असत्या तं उघडलं असतं तुमी."

"हाव, उघडलं असतं," मी म्हटलं.