पंखा बंद, टेप चालू

अंधांसाठी पुस्तकं वाचून कॅसेटवर भरणारं आमचं टोळकं नाशिकमध्ये जमलं, तेव्हा किस्से जमवायचं कोणाच्या मनात नव्हतं. पण पंखा बंद करून, दारं-खिडक्या लावून माणसं वाचायला बसली, की काही ना काही होतंच! आता हसू येतं. तेव्हा नुसती धडधड व्हायची.

त्या वर्षी येवल्याच्या सुनंदासाठी बी.ए.चं इतिहासाचं पुस्तक भरत होतो. तिला दिसत नाही आणि ब्रेलमध्ये ते पुस्तक नव्हतं. कॅसेट वेळेत गेल्या नाहीत तर तिचं वर्ष वाया!

*

पानिपतचं प्रकरण मी वाचलं. ऐन लढाईत शेजारच्या कुकरने शिट्टी दिली. पुन्हा वाचायला वेळ नव्हता, तसंच पाठवलं. सुनंदाचा फोन आला.

"मॅडम, लढाई संपेपर्यंत डाळ शिजली का हो?"

*

जोशी सर निवृत्त मास्तर. प्रत्येक परिच्छेद झाला की "समजलं?" विचारून थांबायचे. टेपसमोर!

"सर, कॅसेट पुरायची नाही!"

"मग काय, तिला न समजताच पुढे जाऊ?"

सुनंदाला विचारलं, तर म्हणाली, "मी दर वेळी 'हो सर' म्हणते. उगाच ओरडा कशाला खायचा!"

*

शेवटचं प्रकरण मी वाचलं. नीट भरलंय का ते ऐकायला सरांनी टेप लावला, दोन वाक्यं ऐकली आणि बंद करताना चुकून लाल, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. माझ्या संस्थानांच्या विलीनीकरणावर सरांचा आवाज : "हं, अगदी स्वच्छ ऐकू येतंय!"

मला रडूच फुटलं. कळेपर्यंत अख्खं प्रकरण पुसलं गेलं होतं आणि पेपर दोन दिवसांवर!

*

रात्रीचा दिवस करून पुन्हा वाचलं. आता पोस्टाचा भरवसा नव्हता, म्हणून स्वतःच एसटीने निघाले. संध्याकाळी येवल्याला पोचले, तर लाईट गेलेली!

"टेपचे सेलबी संपले, ताई. दुकान उघडं नाय," सुनंदाची आई म्हणाली. पुस्तक नाशिकला, टेबलावर.

"तुम्ही दोनदा वाचलंय ना? मग सांगा," सुनंदा म्हणाली.

मी तोंड उघडलं. काही म्हणजे काही आठवेना! वाचताना सगळा जीव उच्चारांत.

"मॅडम, उद्या पेपर हाय." मग सुनंदानेच सुचवलं, "टेपसमोर बसता तशा बसा. नेहमीसारखं आधी खोका. मग पुस्तकाचं नाव, मग तुमचं."

मी खोकले. पुस्तकाचं नाव सांगितलं, माझं सांगितलं. आणि पहिलं वाक्य आलं! त्यामागून दुसरं, तिसरं...

"सावकाश, मॅडम," सुनंदा म्हणाली. "आज रिवाइंड करता यायचं नाय!"