कोलंबस, मिरची आणि पटपडताळणी

किस्से कोणी जमवत नाही हो, ते साचतात. आमच्या स्टाफरूममधल्या कपाटावर धूळ साचते तसे. वीस वर्षं एकाच खुर्चीत बसून एकच धडा शिकवला की दुसरं काय होणार! बारावीचा इतिहास, युरोपातलं प्रबोधन. कोलंबस, वास्को द गामा, कॉन्स्टँटिनोपल. आणि हे शिकवायचं शहादा तालुक्यातल्या ज्युनिअर कॉलेजात, जिथल्या निम्म्या पोरांनी समुद्र फक्त मोबाईलवर पाहिलाय.

बरं, शिकवायचं तरी कोणाला? पोरं सगळी सायन्सच्या मागे. आर्ट्सला आली तरी इतिहास नको. दोन वर्षांपूर्वी प्राचार्य आबा पाटलांनी मला बोलावून स्पष्टच सांगितलं, "सर, ठरलेल्या संख्येच्या खाली एक पोरगं जरी गेलं, तर विषय बंद. मग तुम्ही अतिरिक्त."

अतिरिक्त म्हणजे नोकरी राहते, वर्ग जातो. जिल्ह्यात जिथे जागा निघेल तिथे पिशवी उचलून जायचं. पन्नाशीला आलेल्या माणसाला हे कोणी सांगितलंय? मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू!

* * *

मग मी ॲडमिशनच्या टेबलाशी ठाण मांडून बसायला लागलो. शेजारी भूगोलाचे शेख सर. यांच्या घरी चार पिढ्या शहाद्यात सुतारकाम, हे पहिलेच मास्तर. माझे जिवलग मित्र, पण जीभ रंध्यासारखी तासणारी.

एक पालक आले. "सर, इतिहास शिकीसन पोरगा काय व्हई?"

मी सुरू झालो. स्पर्धा परीक्षा, एमपीएससी, मग म्हटलं, "अहो, कोलंबस कसा निघाला, कुठे पोचला, हे कळायला नको का?"

शेख सर मध्येच म्हणाले, "कळायलाच पाहिजे. गडी निघाला भारताला आणि पोचला भलतीकडे. भूगोलात नापास झाला, म्हणून तर ह्यांच्या इतिहासात आला!"

पालक पोट धरून हसले. पोराने भूगोल घेतला.

* * *

गामाचा किस्सा आबांचा. आबा स्वतः गणिताचे, पण तास रिकामा असला की मागच्या बाकावर येऊन बसतात. मी सांगत होतो, गामा कालिकतच्या राजाकडे नजराणा घेऊन गेला. त्यात काय होतं? थोडं कापड, काही टोप्या, हात धुवायची भांडी, साखर, तेल, मध. दरबारातले अधिकारी ते बघून हसले.

आबा मागून ओरडले, "हसतीन नही ते काय! हाऊ ते किराणा शे!"

वर्ग खदखदला. मी म्हटलं, "आबा, आपणही पाहुण्याला टोपी-टॉवेलच देतो की."

आबा गंभीर झाले. "देतो ना. पण वर नारळ ठेवतो. त्याने नारळ ठेवला नाही, तिथे चुकलं त्याचं."

* * *

पेपर तपासताना मी सहसा हसत नाही. एकदाच हसलो. प्रश्न होता, तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर काय परिणाम झाले? अपेक्षित उत्तर सरळ आहे. जुना व्यापारी मार्ग अवघड झाला, युरोपीय लोक समुद्रमार्ग शोधू लागले.

विसरवाडीचा एक पोरगा, वडिलांचा हायवेवर ढाबा. त्याने एवढं सगळं बरोबर लिहिलं आणि खाली स्वतःची ओळ जोडली, 'रस्ता बंद झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या ढाबेवाल्यांचं काय झालं, हे पुस्तकात दिलेलं नाही.'

मी पेन खाली ठेवलं. वीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. पूर्ण मार्क दिले आणि त्याला वर्गात विचारलं, "तुला काय वाटतं, काय झालं असेल?"

तो म्हणाला, "नवीन रस्त्यावर गेले असतील सर. पण पहिली दोन वर्षं लई बेकार."

* * *

आता मिरची. मी वर्गात सांगितलं की मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी ती इकडे आणली. हे आमच्या नंदुरबार जिल्ह्यात सांगणं म्हणजे काय, ते मिरचीचा हंगाम बघितलेल्यालाच कळेल. इथे पथारीवर, म्हणजे उघड्या माळावर, लाल मिरची वाळत पडते आणि येणारा-जाणारा शिंकत जातो. दुसऱ्या दिवशी एका पोरीचे वडील थेट स्टाफरूममध्ये. मिरचीचे जुने शेतकरी.

"सर, मिरची परदेशनी? मंग आम्हना बापदादा काय खात व्हतात?"

"काळी मिरी, भाऊ. आलं."

"आनि खुडा?" खुडा म्हणजे आमच्याकडचा ठेचा.

"खुडा नव्हता."

ते मटकन बसले. शेख सरांनी पाणी दिलं. मग मी, गाढव, थांबायचं सोडून पुढे गेलो. म्हटलं मकाही तिकडचीच, बटाटाही, टोमॅटोही, भुईमुगाच्या शेंगाही. समोर शेख सरांचा डबा उघडा होता. ते एकेक पदार्थ बाजूला काढायला लागले. बटाट्याची भाजी गेली, शेंगदाण्याची चटणी गेली. उरली भाकरी आणि कांदा.

"पपई?" आबांनी दारातून विचारलं. त्यांची पपईची बाग आहे.

"तीही."

आबा आल्या पावली निघून गेले. मिरचीवाले भाऊ उठले, माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही शिकाडा सर. पण नंदुरबारना मार्केटमा सांगू नका. भाव पडी जाई!"

* * *

यंदा संख्या कशीबशी जमली. अगदी काठावर, एकही पोरगं वर नाही. आणि पटपडताळणीची तारीख आली. म्हणजे वरून साहेब येणार, वर्गात पोरं प्रत्यक्ष मोजणार. आठच दिवस आधी माझ्या वर्गातली तोरणमाळची मीना आईवडिलांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला निघून गेली. मी आणि शेख सर मोटरसायकलने घाट चढून गेलो, तर घराला कडी. शेजारची बाई म्हणाली, "होळीला येतील." पडताळणी सोमवारी!

आबांनी तोडगा काढला. एक कागद टाइप केला, 'सदर विद्यार्थिनी नियमित हजर असून आज आजारी आहे.' खाली सगळ्या स्टाफने सह्या करायच्या. "विषय तुमचा, पहिली सही तुमची," आबा म्हणाले. मला लाज वाटली. पण केली. माझ्यानंतर शेख सरांनी पेन घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने सही केली. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

साहेब पोरांना काहीतरी विचारणार हे नक्की. म्हणून सोमवारी सकाळी मी एक चांगली गोष्ट वर्गाकडून घोटून घेतली, दोनदा. आमची सगळ्यात हुशार पोरगी कळसाडीची सुनंदा. तिला सांगितलं, तू बोल.

साहेब आले. बाकांवरून बोट फिरवत पोरं मोजली. एक कमी. आबांनी कागद पुढे केला. साहेबांनी वाचला, खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि सहज विचारलं, "काय शिकताय सध्या?"

सुनंदा ताडकन उभी राहिली. "सर, कोलंबस क्यूबाला पोचला. ते बेट होतं. पण त्याला तो आशिया खंडच पाहिजे होता. मग त्याने एक कागद केला. जहाजावरच्या सगळ्यांना शपथ घ्यायला लावली, की हे बेट नाही. जो उलटं बोलेल, त्याची जीभ कापायची."

"अरे वा!" साहेब म्हणाले. "मग घेतली शपथ?"

"हो सर, बठ्ठास्नी!" पोरं हसली. सुनंदा लाजली, म्हणाली, "सगळ्यांनी घेतली, सर."

"आणि पुढे काय झालं?"

"काही नाही, सर. बेट बेटच राहिलं."

साहेबांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग बाकांकडे. सही न करताच पेनाला टोपण लावलं.

"यातली पहिली सही कोणाची?"

मी हात वर केला.