वहिनींना किनारा दाखवायला नेलं तेव्हा

अहेरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी बोर्डावर बसायला लागले तेव्हा मला वाटलं होतं, आता गावातल्या सगळ्या भानगडी आपल्याला कळणार. झालं उलटंच. फोन जोडणाऱ्याच्या कानावर येतात ती अर्धी वाक्यं. उरलेली अर्धी आपण आपल्या मनानं भरतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो. असे घोळ साचत साचत इतके झालेत की आता कुणाकडे चहाला गेले तरी बशी हातात द्यायच्या आधी विचारतात, "आज कोणता?" बाकीचे मी एकेक करून सांगते. पेडणेकर साहेबांच्या सहलीचे मात्र एका बैठकीत सांगावे लागतात. एक ओढला की दुसरा त्याला लटकून येतोच.

*

ऐंशीनंतरची दोन-चार वर्षं. पेडणेकर साहेब आमचे इन्चार्ज म्हणून आले ते थेट मालवणकडून. साधा माणूस. बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. आमच्याकडे सीनियर ऑपरेटर होत्या सुमनबाई, मूळच्या चंद्रपूरच्या. त्यांचा आवाज असा की लाइन तुटली तरी चंद्रपूरला ऐकू जाईल, असं आमचे लाइनमन नामदेवभाऊ म्हणायचे.

पहिल्याच दिवशी साहेबांनी दबकत विचारलं, "इथे मासे मिळतात का हो?"

"भेटते ना साहेब," सुमनबाई म्हणाल्या. "बाजाराच्या दिवशी लय भेटते."

साहेब गोंधळले. "कोणाला भेटतात?"

"कोनालेबी भेटते. तुमालेबी भेटन. सकाळी सकाळी गेले का मोठेमोठे भेटते."

साहेबांना वाटलं, बाईंनी 'मासे' ऐकलंच नाही, 'माणसं' ऐकलं. नव्या गावात मोठ्या माणसांची ओळख झालेली बरी म्हणून ते बाजाराच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून सकाळीच निघाले. तासाभरानं एक्स्चेंजमध्ये आले.

"भेटले का साहेब?" सुमनबाईंनी विचारलं.

"कोणीच नाही. नुसत्या मासे विकणाऱ्या बायका होत्या."

"मंग? घेतले नाई काऊन?"

साहेब म्हणाले, "मी पिशवी नेली नव्हती."

*

साहेब क्वार्टरमध्ये एकटेच राहायचे. वहिनी तिकडे गावी. जंगलात येऊन काय करू, हा त्यांचा एकच प्रश्न. म्हणून साहेबांनी बदलीचा अर्ज दिला होता. आम्हाला त्याचं वाईट वाटायचं. सुमनबाईंच्या मुलीला ताप भरला तेव्हा स्वतः बोर्डावर बसून त्यांना घरी पाठवणारा असा इन्चार्ज आम्ही आधी पाहिला नव्हता.

शेवटी एकदा साहेबांनी धीर करून वहिनींना ट्रंक कॉल लावला. लाइन इतकी खराब की साहेब ओरडून सांगणार, ते सुमनबाई पुढे सांगणार, आणि मध्ये कुठल्यातरी एक्स्चेंजवर बसलेला एक भला माणूस ते वहिनींच्या कानापर्यंत पोचवणार.

"सांगा तिला, इथली नदी समुद्रासारखी आहे."

सुमनबाईंनी सांगितलं. मधल्या माणसानं सांगितलं. बराच वेळ खरखर झाली. मग उत्तर आलं, "वहिनी विचारून राह्यल्या, रोप आनू का म्हने?"

कसलं रोप, कुणालाच कळलं नाही. नाही म्हटलं तर वहिनी यायच्याच राहतील, या भीतीनं साहेब म्हणाले, "हो म्हणा."

काही दिवसांनी वहिनी अहेरीच्या स्टँडवर उतरल्या. गाड्या बदलत बदलत आलेल्या, अंगभर लाल धूळ, आणि काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं नारळाचं रोप. साहेबांशी त्या मालवणीत बोलायच्या, आमच्याशी पुस्तकी मराठीत. उतरल्या उतरल्या त्यांनी साहेबांना विचारलं, "दर्या खंय आसा?"

साहेब म्हणाले, "समुद्रासारखी नदी, असं सांगितलं होतं मी."

वहिनींनी आधी त्या रोपाकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि आम्हाला म्हणाल्या, "मला कळलं ते असं, की अहेरी समुद्रावर आहे."

रोप क्वार्टरमागे लावलं. वहिनी म्हणाल्या, आठ दिवस राहते, मग बघू. त्या 'मग बघू'चा अर्थ आम्हाला लगेच समजला. वहिनी गेल्या की साहेबही जाणार. बदली नाही मिळाली तर नोकरी सोडून जाणार.

*

सहलीची कल्पना सुमनबाईंची. "साहेब, वहिनीले जीपनं नदीकाठानं सिरोंच्यापावतर नेऊन आना. प्रानहिता पाह्यली का मन लागते मानसाचं."

साहेबांना ते फार आवडलं. त्यांनी वहिनींना सांगितलं, रविवारी आपण किनाऱ्यानं जायचं, आपल्यापुरती खाजगी सहल. राजन्नाची जीप ठरवली. राजन्ना सिरोंच्याचा, घरी तेलगू बोलणारा. साहेब आणि वहिनी, सुमनबाई, नामदेवभाऊ आणि मी, एवढेच आम्ही. सुमनबाईंनी पुऱ्या आणि जवसाची चटणी घेतली. वहिनी साहेबांच्या शेजारी खिडकीला बसल्या.

आता हा सिरोंच्याचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. नदी उजव्या हाताला असते, पण दिसत नाही. मध्ये सागवान. तासभर झाला तरी वहिनींना नुसती झाडंच दिसत होती.

"किनारा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"हे काय बाई, इथीच हाय," राजन्ना म्हणाला. "झाडाच्या मांगं."

आणखी बरंच अंतर गेलं. वहिनींनी पुन्हा विचारलं.

"इथीच हाय. आपल्या संगंसंगं चालून राह्यली ना थे."

तेवढ्यात जीप एका कोरड्या नाल्यात उतरली. खाली वाळू, मध्ये गुडघाभर पाण्याचं एक डबकं, त्यात दोन म्हशी. वहिनी बराच वेळ त्या म्हशींकडे पाहत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "हीच का ती?"

साहेबांचा चेहरा उतरला. "नाही नाही, हा नाला आहे."

"म्हणजे नदी याच्यापेक्षा मोठी आहे?"

"हो."

"म्हशी किती असतात तिथे?" वहिनींनी विचारलं. त्या खरंच विचारत होत्या की टोमणा होता, हे साहेबांनाही कळलं नाही.

*

सिरोंच्याच्या अलीकडे एका गावात जीप थांबली. राजन्ना रेडिएटरसाठी पाणी आणायला विहिरीकडे गेला. वहिनींना तहान लागली होती. समोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. वहिनी तिच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "आजी, पाणी देता का?" हातानं पिण्याची खूणही केली.

म्हातारीनं रिकामं मडकं दाखवलं आणि म्हणाली, "नीळ्ळू लेवू."

वहिनींनी क्षणभर विचार केला. त्या दिवशी त्यांच्या हातात निळ्या काचेच्या बांगड्या होत्या. त्यांनी एका हातातल्या सगळ्या बांगड्या हळूहळू काढल्या आणि म्हातारीच्या हातात घातल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"किती गोड बोलल्या त्या," त्या मला म्हणाल्या. "निळं लेवू म्हणाल्या. आमच्याकडे आता असं जुनं मराठी कोणी बोलत नाही."

मला तेलगू येत नव्हतं, त्यामुळे मलाही ते खरंच वाटलं. म्हातारी मात्र आपल्या हाताकडे पाहतच राहिली. मग आत गेली, शेजारच्या घरी गेली, आणि तांब्याभर ताक घेऊन आली. वहिनींनी ते उभ्या उभ्या संपवलं.

जीप सुटल्यावर मी ते शब्द ऐकवले तेव्हा राजन्नानं सांगितलं, "बाई, थे म्हने का पानी नाई."

वहिनी उरलेल्या हातातल्या बांगड्या फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "मग ताक का दिलं?"

राजन्ना म्हणाला, "तुमी बांगड्या काऊन देल्या?"

*

प्राणहिता दिसली तेव्हा दुपार व्हायची होती. थंडीचे दिवस, लांबच लांब पांढरी वाळू, आणि वाळूपलीकडे पाण्याचा मोठा पट्टा. त्याच्याही पलीकडे आंध्र. साहेब एकदम तरुण झाले. त्यांनी चपला काढल्या आणि पाण्यापासून खूप लांब, वर नेऊन ठेवल्या.

"साहेब, एवढ्या दूर काऊन ठेवता?" नामदेवभाऊंनी विचारलं.

"सवय," साहेब हसून म्हणाले. "भरती आली की सगळं जातं."

नामदेवभाऊंच्या बहिणीचा दिलीप मॅट्रिक होऊन घरीच बसला होता. भाऊंचं सगळं लक्ष त्याच्या नोकरीकडे. ते साहेबांच्या जवळ सरकले. "भरती कधी हाय साहेब?"

"ती काय, रोजच असते."

"रोज?"

"दिवसातून दोनदा. अमावस्या-पौर्णिमेला सगळ्यात मोठी."

नामदेवभाऊ थक्क झाले. "अन् मंग आमच्या दिलीपले कोनी सांगतलं नाई काऊन? थो तं रोजगार कचेरीत चकरा मारून राह्यला."

आता साहेब गोंधळले. "त्याला कशाला सांगायचं? भरती काय, आपोआप होते."

"वशिला लागत नाई?"

"चंद्रामुळे होते, भाऊ."

भाऊंनी आवाज खाली केला. "थे चंद्राभाऊ कोनत्या हापिसात हायेत?"

सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. वहिनी मात्र पहिल्यांदा हसल्या. इतक्या हसल्या की वाळूत बसल्या. साहेबांनी ते पाहिलं आणि भाऊंना काही समजावून सांगायचं सोडून दिलं. पुढचे काही महिने नामदेवभाऊ कुणीही चंद्रपूरहून आलं की त्या चंद्राभाऊंची चौकशी करत होते.

*

जेवणं झाली. पुढे दुसरी नदी येऊन मिळते त्या संगमावर काठाला एक डोंगा होता, एका मोठ्या झाडाचा बुंधा कोरून केलेला. डोंगेवाला वयस्क, फक्त तेलगू बोलणारा. साहेब म्हणाले, चला, पाण्यातून एक फेरी मारू. सुमनबाईंनी साफ नाही म्हटलं आणि राजन्नासोबत काठावर थांबल्या. आम्ही चौघं बसलो.

पाण्याच्या मध्यावर आलो तेव्हा वारा सुटला. दोन नद्यांचं पाणी जिथे एकमेकांत घुसतं तिथे डोंगा आडवा झाला आणि एका बाजूनं पाणी आत आलं. डोंगेवाल्याचा बांबू तळाला लागेना. मी नामदेवभाऊंचा दंड धरला. नामदेवभाऊ आपल्या पोरांची नावं एकेक करून घेऊ लागले. आमच्यात समुद्राकाठचा पुरुष एकच, म्हणून मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी दोन्ही हातांनी डोंग्याच्या कडा धरल्या होत्या आणि डोळे गच्च मिटले होते.

वहिनींनी साडी खोचली. डोंग्याच्या तळाला पडलेलं वल्हं उचललं आणि मागे जाऊन बसल्या. डोंगेवाल्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तेलगूत काहीतरी म्हणाला. वहिनी मालवणीत काहीतरी म्हणाल्या. दोघांनी मिळून डोंगा सरळ केला आणि हळूहळू आमच्याच काठाला आणला.

वाळू लागली तरी साहेबांचे डोळे मिटलेलेच. "पोचलो?" त्यांनी विचारलं.

"पोचलो," वहिनी म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून अगदी सहज सांगितलं, "हे कधी पाण्यात उतरले नाहीत. आमच्या घरासमोर होड्या असायच्या. हे यायचे आणि ओट्यावर बसून बघायचे."

साहेब आल्यापासून रोज आम्हाला समुद्र सांगत होते. लाटा, खडक, होड्या, सगळं.

नामदेवभाऊंना राहवलं नाही. "मंग साहेब, आज काऊन बसले डोंग्यात?"

साहेब ओली पँट पिळत होते. "सहल होती ना," एवढंच म्हणाले.

वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग परत डोंग्यात जाऊन बसल्या, एकट्याच. डोंगेवाल्यानं बांबू लावला. आम्ही काठावर उभे. वारा पडला होता. डोंगा पार मध्यावर गेला आणि तिथेच रेंगाळला. पाण्यावरून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. त्या मालवणीत बोलत होत्या, तो तेलगूत, आणि मधूनमधून दोघंही हसत होते.

"काय म्हणतोय तो?" साहेबांनी राजन्नाला विचारलं.

राजन्नानं कानामागं हात धरला. बराच वेळ ऐकलं. "साहेब, तेलगू तं मले समजून राह्यली," तो म्हणाला. "थो आपल्या म्हशीचं सांगून राह्यला. बाई काय सांगून राह्यल्या थे मले नाई समजत."

साहेबांना मालवणी समजत होती. त्यांना आम्ही विचारलं, वहिनी काय सांगतायत? ते पुन्हा पँट पिळू लागले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा वहिनी परत आल्या. डोंगेवाल्याला त्यांनी हात जोडले, त्यानंही जोडले. पाण्याच्या कडेला उभं राहून त्यांनी पाय धुतले, साडीचा काठ पिळला. साहेब वाळूतून त्यांच्यापर्यंत गेले. दिवसभर ते एकच गोष्ट, राहशील का, विचारायला धजत नव्हते. आताही त्यांनी ती विचारली नाही.

वहिनींनीच विचारलं, "तुमच्या बदलीचा काय झाला?"

"येईल," साहेब म्हणाले. "महिनाभरात ऑर्डर येईल म्हणतात. मालवणचीच."

वहिनींनी मान हलवली. "बदली इली तर तुमी एकटेच जावा," त्या म्हणाल्या, आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.